उलटा पेपर

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. १६ सप्टेंबर २०२३, शनिवार. मी बँकेच्या शाखेतून घरी पोचले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. जिन्याखाली आमच्या स्कीममधल्या, म्हणजे इमारतीतल्या, पोरांचे लाकडी नंदी तसेच उभे होते, एकाच्या गळ्यातली झेंडूची माळ सुकून खाली लोंबत होती. दार उघडलं तर हॉलमध्ये अंधार. गॅलरीच्या दाराशी आई खुर्चीत बसली होती. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर सकाळचा पेपर. मी बटण दाबलं, चपला काढल्या, पर्स टेबलावर टाकली आणि सहज तिच्याकडे पाहिलं. पहिल्या पानावर नागपूरच्या मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवायला काढतात त्या पुतळीच्या, मिरवणुकीचा मोठा फोटो होता. पिवळी मारबत, तिच्याभोवती इतवारीतली तुडुंब गर्दी. आणि त्या मारबतीचं डोकं खाली होतं, गर्दी आभाळात होती. आईनं पेपर उलटा धरला होता.

मी पुढे झाले, तिच्या हातातून पेपर घेतला, सरळ केला, परत तिच्या मांडीवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. एक शब्दही बोलले नाही. तीही बोलली नाही.

दूध वर आलं तेव्हा कुठे मला कळलं, मी काय केलं ते.

स्वयंपाकघराच्या दारातून ती दिसत होती. मी ठेवला तसाच पेपर मांडीवर होता आणि तिची बोटं त्या कागदावरून हळूहळू फिरत होती, कपड्याचा पोत पाहावा तशी. मी चहा गाळला, तिला दिला, माझा घेतला. दोघी शेजारी बसून प्यायलो. मारबतीला यंदा गर्दी फार होती, आमच्या शाखेच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, असं काहीबाही मी बोलत राहिले. ती ‘हाव का’ म्हणत राहिली. त्या रात्री मला झोप आली नाही. तिला दिसत नाही याचं दुःख होतंच, पण जास्त खुपत होता तो माझा हात. किती सफाईनं त्यानं पेपर सरळ केला होता! घरातली तसबीर वाकडी झाली की आपण जाता जाता सरळ करतो ना, तसा.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो तेव्हा उलगडा झाला. दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची वयानुसार होणारी झीज, दोन्ही डोळ्यांत, कोरड्या प्रकारची. यात नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचा राहतो. म्हणून तर आम्हाला कोणालाच पत्ता लागला नव्हता. ती घरभर नीट फिरायची, उंबरे चुकवायची, गॅस लावायची, तुळशीला पाणी घालायची. अक्षर मात्र दिसत नव्हतं, आणि चेहरे. रिक्षात येताना मी विचारलं, ‘आई, मी कशी दिसते तुला?’ ती म्हणाली, ‘तुह्या तोंडाच्या जागी धुकं असते वं बाई. कानातले दिसते.’ मागच्या दिवाळीपासून असं होतं म्हणे. सकाळी टीव्हीवरच्या बातम्या ऐकायची आणि संध्याकाळी मला त्याच पेपरात वाचल्यासारख्या सांगायची. दहा महिने. मी रोज विचारायचे, ‘पेपर वाचलास का?’ आणि ती रोज हो म्हणायची.

डॉक्टरांच्या आधी, त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट घडली होती. रविवार होता. मी भाताचा कुकर लावला आणि काही न ठरवता तिच्या शेजारी जाऊन बसले. पेपर घेतला. ‘वाचू का?’ ती काही म्हणाली नाही, फक्त खुर्ची माझ्याकडे जराशी वळवली. मी वाचायला लागले. तिसरी शिट्टी झाली तशी उठले. दहा मिनिटं झाली असतील, जेमतेम. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुकर लावला, पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी घरी गणपती आले, आरतीची घाई होती, तरी कुकर लावायचाच होता. वाचन तीन शिट्ट्यांचं झालं ते असं. मी कसला संकल्प वगैरे सोडला नव्हता.

संकल्पांचं माझं खातं पाहिलं असतं तर सोडूही नये असंच कुणी म्हणालं असतं. दर एक जानेवारीला अंबाझरी तलावाच्या बंधाऱ्यावर पहाटे जी गर्दी उसळते, त्या गर्दीत मी कित्येक वर्षं होते आणि संक्रांतीनंतर नसायचे. व्यायामशाळेची वर्षभराची फी भरून मी तीन आठवडे गेले आहे. इंग्रजी नीट बोलायला शिकायचं, साखर सोडायची, पेटी पुन्हा काढायची, सगळं मनापासून ठरवलेलं. त्यातली एकही गोष्ट मी हलक्यानं घेतली नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी ती सुटली की मनात एक कोपरा काळा व्हायचा. पन्नाशीनंतर तर मी ठरवणंच बंद केलं. आपण टिकणाऱ्यातल्या नाही, असं स्वतःविषयी एकदा पक्कं झालं की माणसाला थोडी शांतता मिळते आणि थोडं मरणही येतं. शाखेतून घरी, घरून शाखेत, रात्री हातात फोन, अकराला झोप. दिवसाला कुठे खुंटीच नव्हती. सगळं अडकवलेलं एकामागून एक खाली पडत होतं.

वाचनाच्या सातव्या दिवशी पूर आला.

नागपुरात त्या रात्री जे होते त्यांना सांगायला नको. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला की आभाळात कुठे खंड उरला नव्हता, आणि पहाटे अंबाझरी ओसंडला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर म्हणून वाचलो. खाली पार्किंगमध्ये गाड्या तरंगत एकमेकींवर आपटत होत्या, तो आवाज अजून कानात आहे. तळमजल्यावरचं बिऱ्हाड आमच्याकडे आलं, त्यांची आजी, दोन पोरं, भिजलेल्या गाद्यांचा आणि चिखलाचा वास. वीज नव्हती. हॉलमध्ये आठ माणसं झोपली. वाचन कुठलं, पेपरही आला नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे आले, शेजारी खाली चिखल उपसायला गेले, मी कुकर लावला आणि तिथेच ओट्याशी उभी राहिले. मला माझं ओळखीचं वाटलं ते. मोडलं. आता हेही मोडलं. आई बाहेरून म्हणाली, ‘आज नाही वाचत का?’ मी म्हणाले, ‘दोन दिवस झालंच नाही ना आई.’ ती म्हणाली, ‘मंग? दोन दिवस सैपाक नाही झाला तर तिसऱ्या दिवशी जेवत नाई का मानूस?’

मी जाऊन बसले. पेपरभर पुराचेच फोटो होते, ते तिला शब्दांत सांगितले.

पुढे कधीतरी मी या सवयींच्या भानगडीविषयी वाचलं. २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगतात, त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहिलं. निदान हा शब्द लोकांनी गाळला, चेहराही गाळला, आकडा तेवढा ठेवला. खरा अभ्यास बऱ्याच वर्षांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली, न्याहारीनंतर अमुक, जेवणाआधी तमुक, आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मला त्यातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं: मध्ये एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडत नव्हतं. आई हे पुराच्या तिसऱ्या दिवशी बोलून गेली होती. मी मात्र आयुष्यभर पहिल्या चुकलेल्या दिवसालाच शेवटचा दिवस मानत आले होते.

आपल्याकडे यासाठी शब्द होता खरं तर. नेम. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आई, आजी, शेजारच्या काकू काही ना काही नेम धरायच्या. कुणी रोज दारात गोपद्मं काढायची, कुणी जेवताना बोलायची नाही, कुणी वांगं सोडायची. फार छोट्या गोष्टी असत. श्रावणातल्या कहाण्या ऐकताना शेवटी ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ आलं की आम्ही मुलं उठायला मोकळी व्हायचो, म्हणून ते वाक्य फक्त सुटकेचं वाटायचं. आता वाटतं, त्या कहाण्यांमधल्या बाया वसा विसरतात, त्यांचं वाटोळं होतं, आणि मग त्या पुन्हा वसा घेतातच की. कहाणी तिथूनच तर सुलटी व्हायला लागते. न चुकणाऱ्या बाईची कहाणी मी एकही ऐकलेली नाही. सवय म्हटलं की ती माझी एकटीची होते, माझी इच्छाशक्ती, माझी प्रगती. नेम कुणापुढे तरी असतो. देवापुढे, तुळशीपुढे, नाहीतर मग खुर्ची वळवून बसलेल्या एका म्हातारीपुढे.

बँकेत तीस वर्षं होत आली, त्यामुळे थोड्याथोडक्याचं पुष्कळ कसं होतं हे मला कुणी शिकवायला नको. रोज एक टक्का सुधारा, वर्षाअखेर तुम्ही जवळपास ३८ पट व्हाल, असा एक हिशेब फोनवर फिरत असतो. गणित बरोबर आहे, करून पाहिलं. पण माणूस म्हणजे मुदत ठेव नाही, आणि मी वर्षभर आईला वाचून दाखवून ३८ पट काहीही झाले नाही. मला पटतो तो पिग्मीचा हिशेब. सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टी. एम. ए. पै यांनी १९२८ साली उडुपीत ही रोजच्या ठेवीची पद्धत सुरू केली, दिवसाला दोन आण्यांपासून. आमच्या शाखेचे एक पिग्मी एजंट होते, आता निवृत्त झाले. आधी सायकल, मग लुना. इतवारीतल्या किराणा ओळीपासून पानठेल्यांपर्यंत दुपारी तीन ते सहा त्यांचा फेरा. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. रोज पन्नास म्हणजे वर्षाचे १८,२५०, हे कागदावर कुणीही मांडून दाखवेल. पण एका पावसाळ्यात त्यांचा पाय मोडला, ते दीड महिना घरी होते. आम्ही ग्राहकांना सांगितलं, बँक दोन गल्ल्यांवर आहे, स्वतः येऊन भरत जा. फार थोडे आले. पैसे तेच होते, दुकानं तीच होती. परत आल्यावर ते मला म्हणाले होते, ‘मॅडम, लोकं पैसे टाकत नाहीत, मी येतो म्हणून देतात. मी नाही आलो की तो पन्नास त्यांच्या खिशात पन्नास राहतच नाही.’ तेव्हा मला तो त्यांचा कामाचा अभिमान वाटला होता. आज वाटतं, त्या माणसानं मला माझ्या सगळ्या सुटलेल्या संकल्पांचं कारण सांगितलं होतं. माझ्या दाराशी तीन ते सहाच्या दरम्यान कुणी येत नव्हतं.

मामाकडेही असंच काही पाहिलं होतं, काटोलकडे त्याची संत्र्याची बाग आहे. आजोबांच्या वेळी पाटानं पाणी द्यायचे. मामानं ठिबक बसवलं तेव्हा आजोबा धुऱ्यावर बसून म्हणाले होते, ‘थेंबानं का झाड वाढते?’ पण खोडाशी पाणी साचून डिंक्या लागायचा, झाडाच्या सालीतून डिंक गळायचा, ते कमी झालं, झाडं धरली. मी कॉलेजात होते, सुट्टीत गेले की सकाळी मामाच्या मागे बागेत हिंडायची. तो वाकून वाकून एकेक नळी पाहायचा. क्षारांनी तोटी बुजते. एक तोटी बुजली की ते झाड बिचारं न बोलता वाळत जातं, आणि पानं मलूल दिसेपर्यंत आठवडा गेलेला असतो. ‘ठिबक लावलं म्हणजे सुटलो असं नाही,’ तो म्हणायचा, ‘रोज तोंड पाहा लागते झाडाचं.’ ओल्या मातीचा आणि संत्र्याच्या फुलांचा तो वास मला अजून कधीतरी शाखेत बसल्या बसल्या येतो. तेव्हा आईही असायची सोबत, पुढे चालायची, आणि कुठली तोटी बुजली ते मामाच्या आधी सांगायची. तिची नजर फार तीक्ष्ण होती.

हे असं मध्येच आठवतं आणि वाचता वाचता आवाज अडकतो.

वाचनाचं म्हणाल तर ते काही रोज गोड नसतं. सुरुवातीचे दिवस मी उपकार केल्यासारखी वाचायचे, हे आता कबूल करायला हवं. शाखेत ऑडिट चाललेलं, डोकं भणभणलेलं, अशा वेळी मी भराभर वाचायची, मधल्या ओळी गाळायची. ती शांतपणे म्हणायची, ‘मधातलं गाळलं तू.’ तिला कसं कळायचं कोण जाणे. एकदा मी चिडले, पेपर आपटून उठले. कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या होत्या. त्या दिवशी भातही कच्चा राहिला आणि आम्ही दोघींनी तो न बोलता खाल्ला. आणि तिच्या आवडीही मला आधी झेपेनात. मला वाटलं होतं तिला देवाधर्माचं लागेल. तिला हवा असायचा कळमन्याच्या बाजारातला संत्र्याचा भाव, तोतलाडोह धरणात पाणी किती आहे, कापसाला काय मिळून राहिलं, आणि मग निधनवार्ता, एकही न गाळता. अनोळखी माणसांची नावं मी वाचत जायची आणि ती प्रत्येकाचं वय ऐकून मान हलवायची. ‘नव्वद. बरं झालं, जगला.’ ‘बेचाळीस? अरे देवा. घरी कोन कोन हाय, वाच.’ या शहरात रोज कोण कुठून निघून जातं, याचा तिच्याकडे ठेवलेला तो हिशेब ऐकताना मला एकदा उगीच रडू आलं.

थोड्या दिवसांनी पेपर संपल्यावर ती बोलायला लागली. तीन शिट्ट्यांनंतरही मी उठेना. आई सातवीपर्यंत शिकली, हे मला माहीत होतं. पण त्यानंतर ती पुड्यांचे कागद वाचायची, हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. किराण्याची पुडी सोडली की साखर डब्यात आणि कागद चुलीपुढे तिच्या हातात. कधी वर्तमानपत्राचा तुकडा, कधी मासिकातल्या गोष्टीचं एखादं पान. पुढचं पान कधीच मिळायचं नाही. ‘मंग मीच पुढचं लावून घेऊ,’ ती म्हणाली. लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आल्यावरही ती हे करत राहिली, माझ्या आजीच्या नजरेआड. मी त्याच घरात वाढले. तिच्या हातात पुडीचा कागद मी शंभरदा पाहिला असेन. ती तो घडी करून ठेवते एवढंच मला दिसायचं. दहा मिनिटांपूर्वी माझी आई होती आणि आता एक वेगळीच बाई समोर बसली आहे, असं वाटून मी तिच्याकडे बघत राहिले. तिला अर्थात ते दिसलं नसेल.

तिच्यासाठी म्हणून बाकीही काही आपोआप सरकलं. साडेसातला घरात असायचं तर गाडी काढून गर्दीत अडकणं परवडेना, म्हणून मेट्रो धरली. सकाळी एलएडी चौक ते चितार ओळी, आणि तिथून शाखेपर्यंत पायी. चितार ओळीत भाद्रपदाआधी महिनाभर मूर्ती तयार होताना दिसतात. पहिले नुसते मातीचे गोळे, मग पोटं, मग सोंडा, आणि अगदी शेवटी डोळे. रोज पाहिलं की काल आणि आजमध्ये काहीच फरक दिसत नाही, चार दिवस सुट्टी घेऊन गेलं की धस्स होतं. संध्याकाळी स्टेशनवरून घरापर्यंतही चालतच येते. वजन होतं तेवढंच आहे, रक्तदाबाची गोळी सुरूच आहे. पण पूर्वी संध्याकाळ यायची आणि जायची, मला तिचा रंग ठाऊक नसायचा. आता सातच्या सुमारास आभाळ कसं होतं ते मला झोपताना आठवतं. एवढं पुरतं का जगायला, असं मी स्वतःला विचारते. कधी हो येतं, कधी उत्तर येत नाही. आधी मी हा प्रश्नच विचारत नव्हते.

खरी परीक्षा उन्हाळ्यानं घेतली. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय घरात बसणं काय असतं, ते इथल्याच माणसाला कळेल. पारा पंचेचाळीसच्या आसपास, भिंतींना हात लावला तर पोळतो, नळाचं पाणी रात्री दहालाही कोमट. कूलर चालू असला की घुर्रघुर्र आवाजात आईला माझं वाचणं ऐकू येईना. मी ओरडून वाचून पाहिलं, घसा बसला. मग तिनंच सांगितलं, बंद कर. कूलर बंद केला की आधी पंप थांबतो, वाळ्याच्या ताट्यांतून उरलंसुरलं पाणी टपटप टाकीत पडतं, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर दाटतो, आणि मग गरमी दारातून आत येऊन अंगावर बसते. नवतपाच्या त्या नऊ दिवसांत आम्ही दोघी ओले पंचे मानेवर टाकून बसायचो. घामाचे थेंब पेपरवर पडून अक्षरं फुगायची. तिसऱ्या शिट्टीला मी धावत जाऊन कूलर लावायचे आणि ती पहिली थंड झुळूक आली की आई डोळे मिटून ‘आहा’ म्हणायची. आयुष्यात सुख म्हणून जे काही मोजायचं असेल त्यात मी ती झुळूक मोजते. ते कूलरचं सुख नव्हतं, कूलर तर दिवसभर चालूच असायचा.

त्याच उन्हाळ्यात तिनं वाती वळायला घेतल्या. लाखवात. मामानं शेतातला कापूस पाठवला होता, त्यातली सरकी तिनं हातानं काढली, बोटांना दिसतं सगळं. मी वाचत असते तेव्हा तिचे हात चालू असतात. दोन वाट्या शेजारी ठेवलेल्या, एकीत चिंचोके. दहा वाती झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दिवसभरात मिळून शंभरेक होतात. मी मनातल्या मनात भागाकार केला, बँकेतल्या बाईला तो थांबवता येत नाही. लाखाला हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. तिचं वय तेव्हा ७९. मी काही बोलले नाही, पण माझा आवाज वाचताना कुठेतरी घसरला असणार. ती म्हणाली, ‘पुऱ्या होतेच असं थोडी हाय. वळून राहिली तोवर वळून राहिली.’ मग जरा थांबून, ‘राह्यल्या तर तू वळशील. येते का तुले वळता?’ येत नव्हतं. तिनं माझी बोटं धरून शिकवलं. माझ्या वाती जाड होतात आणि मधूनच सुटतात. त्या ती वेगळ्या वाटीत टाकते. त्या लाखात धरत नाही.

गेल्या महिन्यात माझा घसा पार बसला. थंडीताप, खोकला, आवाज म्हणून नाही. डॉक्टरांनी आठवडाभर बोलू नका म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी मी कुकर लावला आणि सवयीनं बाहेर येऊन बसले. पेपर हातात घेतला, मग मांडीवर ठेवला. आईनं खुर्ची वळवली होती. काही क्षण तशीच बसली. मग तिनं हात पुढे केला. मला वाटलं कपाळाला हात लावून ताप बघतेय. पण तिनं माझ्या मांडीवरचा पेपर घेतला, झटकून उघडला, चष्मा नीट केला आणि म्हणाली, ‘आज मी वाचतो.’ आमच्याकडच्या बाया स्वतःविषयी बोलताना ‘येतो, जातो’च म्हणतात, शाळेत मास्तर कितीही सुधारोत.

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. चुलीपुढे एका पुडीच्या कागदावर तिनं लहानपणी वाचलेली एक गोष्ट. एक बाई नदीकाठी बसली आहे, होडी यायची आहे, तिच्या हातात एक गाठोडं आहे. कागद तिथंच फाटला होता. ‘आता पुढचं,’ आई म्हणाली आणि एका बोटानं ओळ धरून वाचत राहिली. गाठोड्यात काय होतं, होडी का उशिरा आली, पलीकडच्या काठावर कोण उभं होतं. मध्ये मध्ये ती थांबायची, पान उलटायची, परत सुरू. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. पेपरातल्या मोटारीच्या जाहिरातीतली चाकं वर होती आणि रस्ता आभाळात गेला होता. मी हात माझ्याजवळ ठेवले. तिसऱ्या शिट्टीला मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले, कारण होडी अजून काठाला लागायची होती.